उशामागची खुर्ची

रायभानच्या सनदेवर सही करायची, एवढ्याच कामासाठी मी १९४४ च्या चैत्रात हैदराबादहून परतूरला उतरलो. कॉलेजात मी मनोविश्लेषण शिकवायचो. माणसाला खाटेवर निजवायचं, आपण त्याच्या उशामागं खुर्ची टाकून बसायचं, त्याला दिसायचं नाही, आणि तो बोलेल ते ऐकायचं.

रायभान माझा विद्यार्थी, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. दोन वर्षांपूर्वी त्यानं गावी ही ऐकण्याची खोली उघडली, आणि आता सनदेविना, कसल्याही परवान्याशिवाय, लोकांची ही रीघ! माझ्याकडे महिन्याला तिघं यायचे, त्यांतले दोघं घोरायचे. खरं सांगतो, माझ्या पोटात दुखत होतं. सही करायचीच नाही, हे मी गाडीतच ठरवलं होतं. फक्त खोट काढायची होती.

"आधी माझं ऐकून दाखव," मी म्हणालो.

"निजा सर. पर मागं बघायचं न्हाई, तुमचाच नियम हाये," तो हसून म्हणाला.

भर दुपारची वेळ, तरी खोलीत अंधार होता आणि सरकीचा उग्र वास. मागं खुर्ची करकरली. त्याला फसवायला मी एक खोटं स्वप्न रचून सांगू लागलो.

"हं…"

इतका हलका, इतका नेमका हुंकार! मला तसा कधी जमला नव्हता. स्वप्न अर्ध्यावरच राहिलं, माझ्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

"मी जळतो तुझ्यावर… सनदेचे तुझे दोन अर्ज मीच फाडले…"

"हं…"

मी रडलो. छाती हलकी झाली. आता सही करावी, असं मनापासून वाटलं. डोळे पुसून समोरच्या एवढ्याशा खिडकीतून बाहेर पाहिलं. रायभान आडावर पाणी शेंदत होता. शेजारी एक म्हातारी उभी होती.

"सर, साखराबाई आल्यात, पाणी देऊन आलोच!" तो ओरडला.

मागं खुर्ची पुन्हा करकरली.

मागं न बघता मी अंगणात पळालो. "रायभान… आत कोण आहे?"

माझा आवाज ऐकताच साखराबाईनं हात जोडले. "हेच तर साहेब! दोन वर्सं माजं ऐकून राह्यले. तोंड न्हाई पाह्यलं, पर आवाज बराबर ह्योच."

"मावशी, मी इथं आजच आलो."

रायभाननं मान खाली घातली. "मी दारातच बसतो सर. खुर्चीतून तुमचाच आवाज येतो… म्हणून तर माणसं येतेत."

मग हैदराबादेत दोन वर्षं उशामागं बसलेला मी कोण?

साखराबाई आत जाऊन निजली. मेलेल्या लेकाबद्दल बोलू लागली. "हं…" आतून माझा आवाज आला, असा मायेचा, की भीतीच्याही वर मला त्याचा हेवा वाटला.

"सर, सनद?" रायभान हळूच म्हणाला.

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द फुटला नाही. आतून, उशामागून, माझाच आवाज शांतपणे म्हणाला, "आण इकडं… करतो सही."