लिहिणाऱ्याने बोलायचं नाही

वेळापत्रक करणाऱ्याने घोळ घातला नसता, तर ही गोष्ट घडलीच नसती. १९९७ चा जुलै, बंगळुराजवळच्या येलहंक्याचं एक इंजिनिअरिंग कॉलेज, आणि कम्प्युटर सायन्सच्या एकाच वर्गात एकाच तासाला दोन मास्तर हजर! सौम्या तांत्रिक लेखन शिकवायला आली होती आणि पुण्याहून नुकताच आलेला बिंदुमाधव प्रोजेक्ट मॅनेजमेंट. दोघांनी एकदमच खडू उचलला... मुलं खिदळली.

“तुम्ही आधी,” तो म्हणाला.

“छे, तुम्ही पाहुणे. स्वल्प शिकवून घ्या, मी मागे बसते.”

“तुमचं हे कन्नड ‘स्वल्प’ म्हणजे किती?”

“आमच्या मराठी घराला बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली, अजून मोजलं नाही कोणी!”

ती मागे बसली ती तास संपेपर्यंत हलली नाही. ‘अडचण लपवू नका, त्याच दिवशी सांगा,’ असं तो मुलांना तळमळून सांगत होता आणि बाईंचं लक्ष त्याच्या खडूने माखलेल्या बाहीकडे होतं.

पुढे दोघं मिळूनच तास घेऊ लागले. मुलांनी ग्रंथालयासाठी प्रोग्राम करायचा आणि तो कसा चालवायचा याची पुस्तिकाही लिहायची. परीक्षेला सौम्याचा नियम कडक — पुस्तिका वाचून प्रोग्राम चालवणारा अडला, चुकला, तरी लिहिणाऱ्याने शेजारी बसून चकार शब्द काढायचा नाही.

वेडी पोर तोच नियम स्वतःलाही लावून बसली. रोज बसस्टॉपपर्यंतची सोबत, कॉफी, त्याच्या मोडक्या कन्नडची थट्टा... सगळं होतं. पण मनातलं आपण सुचवायचं नाही, त्याचं त्याला कळू दे!

डिसेंबरात वर्गातल्या विराटच्या पुस्तिकेची परीक्षा होती. बिंदुमाधव काहीच येत नसल्यासारखा कीबोर्डपुढे बसला आणि दुसऱ्याच पानावर अडला. विराटने ओठ आवळून धरले, शेवटी त्याला राहवेना.

“सर, एंटर दाबा ना! अमेरिकेत कोण सांगायला येणार तुम्हाला?”

वर्ग हसला. सौम्या हसली नाही.

मुलं गेल्यावर तिने विचारलं, “अमेरिका?”

“दोन वर्षांचं काम आहे. ऑफिसात बोलत होतो, विराटने ऐकलं असणार. सोमवारी कळवायचंय.”

“आणि अडचण त्याच दिवशी सांगा, हे कोण शिकवतं?”

त्याने मान खाली घातली. “भीती वाटली. तुम्ही हसून अभिनंदन केलं असतं, तर... मी काय करायचं होतं?”

तिला राग आला, हसू आलं, रडूही आलं. इतक्यात डोक्यावरून शेजारच्या तळावरचं हवाई दलाचं विमान गडगडत गेलं. आवाज विरताच ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“ऐका,” ती म्हणाली. “जा म्हणणार नाही, नका जाऊ असंही म्हणणार नाही. पण माझं प्रेम आहे तुमच्यावर. तुम्ही गेलात तर मला फार जड जाईल... ठरवायच्या आधी तुम्हाला हे माहीत हवं.”

बिंदुमाधव उठला. कीबोर्ड सोडून त्याचे हात अलगद तिच्या हातांवर आले.

“नाही जात मी.”

“सोमवारपर्यंत वेळ आहे. नीट विचार करा — ”

“सौम्या,” तो म्हणाला, “जुलैपासून दुसरं काय केलंय मी?”