कर्ता सांगा

कारखान्यातले तांत्रिक अहवाल शुद्ध करून देणं हे तिचं बारा वर्षांचं काम. इंजिनिअर मंडळी सुचेल तसं लिहायची, निस्तरायची ती. व्याकरण तपासणारे चार-पाच प्रोग्रॅम तिने वापरून पाहिले होते. एकाने 'नायट्रोजन'चं 'नाराज जन' केलं, तेव्हा सगळं ऑफिस आठवडाभर एकमेकांना नाराज जन म्हणत होतं.

हा नवा मात्र कामाचा निघाला. आकड्यांना, सूत्रांना, एककांना हात लावायचा नाही. चूक दिसली की खाली बारीक लाल रेघ आणि दोन शब्दांची सूचना. बस्स.

त्या सोमवारी तिच्याकडे अपघाताचा अहवाल आला. मोठी टाकी आतून रंगवताना एक रंगारी गुदमरून गेला होता. अहवालात जागोजागी 'करण्यात आले' होतं, पण रेघ एकाच वाक्याखाली उमटली. 'हवेची झडप बंद करण्यात आली.'

सूचना होती : कर्ता सांगा.

तिने 'कामगाराने' लिहिलं. रेघ तशीच. 'ऑपरेटरने' लिहिलं. तशीच. साहेबांचं पद घालून पाहिलं, तरी हलेना. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने 'दादाने' असं टाइप केलं.

रेघ गेली.

तिचा थोरला भाऊ त्याच टाकीवर सुपरवायझर होता. जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला जिन्यापाशी गाठलं.

"दादा, ती झडप कोणी बंद केली?"

त्याने डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "मला वाटलं, तो जेवायला बाहेर आलाय," तो हळू म्हणाला. "तुला कोण बोललं?"

"कोणी नाही."

"पोरं लहान आहेत गं माझी."

जागेवर येऊन तिने 'दादाने' खोडलं. वाक्य होतं तसं केलं. रेघ पुन्हा उमटली नाही. तिने अहवाल पाठवला आणि बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिली.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या दुरुस्त्या होऊन अहवाल परत आला. फक्त शेवटची नजर फिरवायची होती. रेघ एकच होती, शेवटच्या पानावर.

'टाकीत एकच माणूस होता.'

सूचना : वचन तपासा. काळ तपासा.

ती शेजारच्या टेबलाकडे वळली.

"दादा कुठंय?" तिने शेजारच्या क्लार्कबाईंना विचारलं.

"टाकी आज परत सुरू करतायत ना. मघाशीच उतरलाय आत, तपासायला."

"हवा चालू आहे ना?"

"असेल की."

तिने टाकीवर फोन लावला. तो वाजत राहिला.

रिसीव्हर कानाशी तसाच धरून तिने सूचनेवर क्लिक केलं. वाक्य आपोआप बदललं.

'टाकीत दोन माणसं आहेत.'

खाली रेघ नव्हती.