लाल टाकीवरचं स्वस्तिक

"आत्या, ही आपली टाकी नाही!"

ब्राह्मीच्या ओरडण्याने साताऱ्याच्या मंगल कार्यालयाच्या आवारात दोन-चार माना वळल्या. जुन्या मोटारसायकलींचं प्रदर्शन सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता. रांगेत सर्वांत पुढे सांगलीच्या प्रीतीआत्याची लालभडक इटालियन मोटारसायकल उभी होती.

"तोच रंग, तीच पांढरी पट्टी," ब्राह्मीचा धाकटा भाऊ जिनेंद्र म्हणाला. "ताई, तू आधी चष्मा पूस!"

"चष्मा राहू दे, स्वस्तिक बघ. काल संध्याकाळी मीच गंधाने काढलं ना? आपल्या जैन बस्तीत देवापुढे तांदळाने काढतो तसं. वर तीन टिंबं, त्यावर चंद्रकोर. कुठंय चंद्रकोर?"

जिनेंद्र वाकला. चंद्रकोरीचा पत्ता नव्हता. स्वस्तिकाच्या चार घरांत मात्र चार टिंबं व्यवस्थित बसवलेली होती.

"आरं, हे तर आमच्या उंबऱ्यावर काढत्यात तसं हाय!" त्यांचा मित्र साईराज म्हणाला. दिवाळीच्या सुट्टीत मलकापूरहून तोही त्यांच्याबरोबर टेम्पोत चढला होता.

"तेच म्हणते मी! रात्रीत कुणीतरी टाकी बदलली. गंध पाहून स्वस्तिकही काढलं, पण हाताला सवय होती तसं काढलं!"

प्रदर्शनाचे व्यवस्थापक बाळासो हातात चहाचा कप घेऊन आले आणि हसले. "आवं प्रीतीताई, पोरांचं काय मनावर घेताय? रातच्याला गाड्या ठेवलेल्या शेडला मी स्वतः कुलूप लावलं व्हतं!"

"आणि किल्ली?" ब्राह्मीने विचारलं.

"कुलपालाच. दुसरीकडं ठेवली की हरवती!"

साईराजने कपाळावर हात मारला. मग त्याने हँडलला सुतळीने बांधलेला स्पर्धेचा क्रमांक सोडला. त्या बिल्ल्याला मागे लोहचुंबक होतं. काल तो टाकीवर लावायला गेले, तर सारखा घसरत होता, म्हणून बांधावा लागला होता. साईराजने तो टाकीजवळ नेला.

टक! बिल्ला घट्ट चिकटला.

"लोखंडी पत्रा!" आत्याचा चेहरा उतरला. "माझी टाकी अ‍ॅल्युमिनियमची आहे."

ती मोटारसायकल साखर कारखान्याच्या यंत्रांसाठी आलेल्या एका इटालियन इंजिनिअरने परत जाताना आजोबांना विकली होती. इटलीतल्या एका लहानशा कारखान्यात माणसांनी ती हाताने घडवली होती. वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकलेली टाकी, माशाच्या खवल्यांसारखी जोडाची रेघ. तशी दुसरी टाकी जगात नव्हती. ती घडवणारे हात कधीच थांबले होते.

"थोड्या वेळात परीक्षक येतील," आत्या म्हणाली. "ते म्हणतील, मीच नकली टाकी लावून आले. आणि खरी एकदा या फाटकाबाहेर गेली, की मग कुठं शोधू? मी आत्ता सगळ्यांच्या गाड्या उघडायला लावते!"

"नको आत्या! आरडाओरडा केला, की चोर टाकी घेऊन पसार होईल," ब्राह्मी म्हणाली. "त्यालाच पळत टाकीकडे जाऊ दे."

तिने दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं. जिनेंद्र स्टेजच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला, साईराज फाटकापाशी. मग ब्राह्मी भर आवारात गळा फाडून ओरडली,

"आत्या! काल टाकीच्या झाकणाचं वॉशर फाटलं होतं ना गं?"

आत्याला क्षणभर काही कळेना. मग तिचे डोळे चमकले. "अगं बाई! विसरलेच की! टाकी आडवी झाली तर पेट्रोल गळणार!"

"आणि जवळ कुणी काडी ओढली तर?"

"भडका!"

बरेच लोक हसले. काही जण दोन पावलं मागे सरकले. एकच माणूस पळाला! जुन्या गाड्यांचा व्यापारी इंद्रजित हातातली कपबशी खुर्चीवर आपटून फाटकाजवळच्या आपल्या पिकअपकडे सुसाट सुटला.

"विझव! ती विडी विझव आधी!" तो ड्रायव्हरवर किंचाळत होता.

"ताई, हाच तो!" जिनेंद्र पायऱ्यांवरून नाचत ओरडला.

साईराजने फाटक धाडकन लावून घेतलं. "का वो काका, विडीला लय भ्यालात? गाडीत काय हाय?"

"जुनी पोती!" इंद्रजित पिकअपच्या फळीला पाठ लावून उभा राहिला.

"मग पोत्यांना कशाला एवढं घाबरायचं?" ब्राह्मीने धापा टाकत विचारलं.

तोवर माणसं जमली होती. गर्दीतून परीक्षक हंबीरराव पुढे आले. फौजेत त्यांनी आयुष्यभर गाड्याच सांभाळल्या होत्या. त्यांनी पोती बाजूला केली. खाली गोधडीत गुंडाळलेली लाल टाकी होती. गंध थोडं फिसकटलं होतं, पण तीन टिंबं आणि चंद्रकोर स्पष्ट दिसत होती. टाकी बाहेरून कोरडी ठणठणीत होती.

"वॉशर तर नवं हाय की गं!" हंबीरराव झाकण फिरवत म्हणाले.

"हो आजोबा," ब्राह्मी म्हणाली. "पण काकांना ते माहीत नव्हतं ना!"

इंद्रजितकडेही तशीच एक मोटारसायकल होती, फक्त टाकीवाचून. आत्याच्या गाडीचे फोटो पाहून त्याने नकली टाकी बनवून घेतली होती. बाळासोंनी पोलिसांना फोन लावला. मग शेडच्या कुलपाला लावलेली किल्ली काढून आणून त्यांनी आत्याच्या हातात दिली.

खरी टाकी जागेवर बसली. आत्याने किक मारली. जाड, खोल आवाज आवारभर घुमला. हंबीररावांनी डोळे मिटून तो ऐकला.

"गाडी तर लय भारी हाय," ते म्हणाले. "पण तिला राखणारी नजर त्याहून भारी. पोरांनो, पयला नंबर तुमच्या आत्याचा, आन् शाबासकी तुमची!"

त्यांनी विजेत्याचा लोहचुंबकाचा सोनेरी बिल्ला टाकीवर लावला.

बिल्ला घसरला आणि खण्णकन जमिनीवर पडला.

सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला!