बारावा भडका

विरारहून बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन वसुंधरा चांदीपला घरी पोचली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रिपोर्टात मलेरिया नव्हता, डेंग्यू नव्हता, काहीच नव्हतं. तशी आनंदाचीच बातमी. पण घरात कुणाचा जीव थाऱ्यावर होता आनंद करायला?

तीन दिवसांत बाबांना, म्हणजे आत्मारामांना, तापाचे अकरा झटके आले होते. अंग एकदम तव्यासारखं तापायचं आणि मग हळूहळू निवत जायचं. "छातीवर कोनतरी बसतो," एवढंच ते म्हणायचे. डॉक्टरला दाखवायला म्हणून वसुंधराची आई कमळी प्रत्येक झटक्याची वेळ कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत होती. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण मिनिटाला पक्की बाई.

लेकीची पीएचडी चालली होती ताऱ्यांच्या एका जोडीवर. त्यातला एक तारा मेलेला, दुसरा जिवंत. मेलेला जिवंताला ओढून ओढून खातो, खाल्लेलं त्याच्या अंगावर साचत जातं आणि एका क्षणी भडकतं. मग सावकाश निवतं. अंतराळातली क्ष-किरण दुर्बीण हे भडके टिपते. तिची चौदा महिन्यांपूर्वीची एक नोंद वसुंधराच्या लॅपटॉपमध्ये होती. तिचा आलेख काढून तिने सकाळीच उमेळ्याच्या स्टीवनला, तिच्याबरोबर संशोधन करणाऱ्या मित्राला, तपासायला पाठवला होता. आता बाबांच्या खाटेशी बसून ती पुन्हा तोच बघत होती. कॅलेंडर शेजारीच पडलं होतं.

सहज म्हणून तिने पहिल्या झटक्याच्या वेळेवर पहिला भडका ठेवला. दुसरा जुळला. तिसरा जुळला. अकरावाही जुळला. हजारो वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड, त्याचा चांदीपच्या एका शेतकऱ्याशी काय संबंध? पण नोंदीत बारावा भडका होता, सगळ्यांत मोठा. आणि त्यापुढे शेवटपर्यंत रेघ सपाट होती.

तिने वेळ काढली. बारावा आज पाच वाजून दहा मिनिटांनी येणार होता. आता साडेचार झाले होते.

आईला ती काही बोलली नाही. सांगणार तरी काय, कपाळ? बाबांचा हात घट्ट धरून बसली. बाहेर कापणी झालेलं शेत उन्हात पडलं होतं. एरवी कलकलणाऱ्या साळुंक्या चिडीचूप. खोलीत कुठूनसा वास यायला लागला, तापलेल्या लोखंडाचा. पाच वाजले. पाच पाच. बाबांचा श्वास आखडला...

"वसू..."

"बाबा, मी आहे इथेच."

"वाट दे त्याला..."

"कुणाला?"

ते दाराकडे बघत होते. दारात कोणी नव्हतं. वसुंधराने मुकाट पाय जवळ ओढून घेतले. चुलीच्या तोंडापुढून जावं तशी धग तिच्या नडग्यांना लागली... आणि गेली.

पाच अकरा. पाच वीस. बाबांच्या कपाळावर घाम फुटला आणि त्यांनी डोळे उघडले.

"अगो, पेज हाय का? भूक लागली."

कमळी धावत आली. वसुंधरा ढसाढसा रडत होती.

"रडते कशाला आता? बरे झाले ना बाबा तुजे!"

म्हणूनच तर रडत होती. इतकं हलकं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सातला स्टीवनचा फोन आला. "वसू, काय घोळ घातलायस? दुर्बीण फिरता फिरता पृथ्वीच्या आड जाते, तो वेळ तू नोंदीतून कापलाच नाहीस. तुझा बारावा भडका ताऱ्याचा नाहीच. तारा तेव्हा दिसतच नव्हता."

वसुंधरा खळखळून हसली. पहिल्या वर्षाच्या पोरांनी करावी तशी चूक! अकरा जुळले तो योगायोग, आणि बारावा मुळातच खोटा. स्वतःच्या चुकीवर एवढं खूश कोणी झालं नसेल.

"हसतेस काय? मला वेगळंच कोडं पडलंय. तारा आड होता, मग एवढा मोठा भडका आला कुठून? समोर तेव्हा नुसती पृथ्वी होती. दुर्बीण कुठे रोखलेली होती ती जागा मी काढलीये. आपल्याच बाजूची आहे गं, वैतरणा नदीच्या अलीकडे, तुमच्या चांदीपकडची... अक्षांश-रेखांश वाचून दाखवू?"

आत बाबा दुसऱ्यांदा पेज मागत होते आणि वर सुका बोंबील भाजून हवा म्हणून आईशी हुज्जत घालत होते.

"नको," वसुंधरा म्हणाली. "वाचू नकोस. भडके अकराच धर."