मागच्या सीटवरचं वजन

पुन्हा तेच. घरी पाहुणा आला की गेनबाला समोर बसवायचं आणि म्हणायचं, आबा, ती बर्फातली गोष्ट सांगा. हा गेनबा काय करमणुकीला ठेवलाय? पण नाही म्हटलं तर पोरगी तोंड पाडते. तेव्हा ऐका, आणि मध्ये कुणी शहाणपणा करायचा नाही.

पोरगी ऋतुजा आणि जावई विक्रम, दोघं कॉम्प्युटरवाले. हिमबिबट्या बघायला पुण्याजवळच्या आमच्या मांजरी गावाहून थेट हिमालयात स्पितीपर्यंत गाडीनं निघाले आणि म्हाताऱ्याला मागं कोंबलं.

"आमच्या उसात बिबटे कमी हायत का, विक्रमराव?" गेनबा वाटभर कुरकुरत होता.

एका वळणावर भर दुपारी धुकं उतरलं. झाड नाही, माणूस नाही, नुसता बर्फ. गेनबा लघवीला उतरला. मांजरीला उसात एकटा शिरलेला माणूस आरोळी देतो, बांधावरचा उलट देतो, मग आतल्यानं पुन्हा द्यायची. नाही दिली, तर बांधावरचा शोधायला आत शिरतो. सवयीनं गेनबानं तोंडाशी हात नेले.

"होऽऽय!"

धुक्यातून उलट आरोळी आली. त्याची आखूड होती. ही लांबवलेली, दमानं दिलेली, थेट मांजरीच्या वळणाची.

पुन्हा द्यायला त्यानं तोंड उघडलं, तोच विक्रमनं दंड धरला. "आबा, शूऽऽ! जनावर पळेल." त्याला आत बसवलं, दार लावलं, किल्लीचं बटण दाबलं. टुक. धुकं जरा विरलं तसे दोघं दुर्बीण घेऊन चढावर गेले.

"अहो, उत्तर देऊ द्या... ते शोधत येईल..."

काच खाली होईना. मागची दारं लहान पोरांसाठी म्हणून आतून उघडत नव्हती. पुढं सरकायला गुडघे वळेनात. काचा वाफेनं भरल्या. आणि त्या बर्फात उसाच्या ओल्या पाचटाचा वास सुटला...

बाहेर बर्फ करकरला. गाडीभोवती एक फेरी झाली. मग काचेवर टकटक.

"आबा... उघडा ना..." ऋतुजाचा आवाज.

गेनबानं बाहीनं काच पुसली. लांब चढावर ऋतुजा आणि विक्रम पाठमोरे उभे होते. काचेपाशी कुणीच नव्हतं.

"आबा... उत्तर का नाही दिलंत..."

मघाशी ज्या कुलपाला त्यानं शिव्या घातल्या, ते आता टिकावं म्हणून त्यानं हँडल दोन्ही हातांनी आवळलं. एवढ्यात दोघं उतरू लागले. विक्रमनं किल्लीचा हात वर केला.

"नको! विक्रमराव, नको!"

विक्रम हसला. टुक.

दोघं गाडीपाशी पोचायच्या आत पलीकडचं दार उघडलं. गार वारा आत आला. दार लागलं. गेनबाशेजारची सीट हळूच खाली दबली.

गाडी सुरू झाली आणि टींटीं वाजू लागली.

"आबा, बेल्ट!"

"लावलाय."

ऋतुजानं मागं वळून पाहिलं. "पलीकडच्या सीटचा वाजतोय. काही ठेवलंय का तिथं?"

काही नव्हतं. चंदीगडच्या मेकॅनिकनं तपासलं आणि म्हणाला, सेन्सर ठीक आहे, सीटवर वजन दाखवतोय. शेवटी विक्रमनं रिकाम्या सीटला बेल्ट लावून टाकला. पुण्यापर्यंत तो ताणलेलाच राहिला.

मांजरीला सगळे उतरले, दारं लागली. गेनबाच्या पाठीमागं, बंद गाडीत, बकल सुटलं. खट.

आणि गेनबा घसा फोडून नको म्हणत असताना हसत बटण दाबलं ते विक्रमनं. अजून एका शब्दानं चुकलो म्हणालेला नाही, तो विक्रम.