टाकीवरची पाटी

हे खरं घडलेलं आहे. माझ्यासमोर घडलं, आणि त्यात निम्मा दोष माझा आहे. त्यामुळे रंगवून सांगण्यात मला काही हौस नाही.

अशा गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही भर दुपारची. डोक्यावर ऊन होतं, वारा बेताचा होता.

बावीस वर्षं झाली. माझी एक लहान शिडाची नाव होती. कौलं, मीठ, लाकूड, मिळेल ते वाहायचो. बायको कधी नावेत बसली नव्हती. त्या वर्षी धाकट्या मुलीचं लग्न उरकलं आणि ती म्हणाली, "त्या जुन्या बंदराच्या गोष्टी ऐकून कान किटले. एकदा दाखवा तरी."

निघालो. दोघंच.

बंदर खरोखर जुनं होतं. शेवाळलेला दगडी धक्का, त्यावर गोदामांची रांग, गोदामांना माणसाच्या उंचीपेक्षा वर छोट्या खिडक्या. गलबतं यायची बंद होऊन जमाना झालेला. आता पंधरा-वीस घरं, आणि बघायला येणारे आमच्यासारखे लोक.

धक्क्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, "साथ लागलेलं गलबत आलं की त्यातली माणसं इथंच उतरवून ह्या गोदामांत कोंडायचे. गावात घ्यायचे नाहीत."

"आणि खायला-प्यायला?" बायकोने विचारलं.

"ते द्यायला आत कोण जाणार, वहिनी?"

तिने चहा अर्धा ठेवला. मी दोन कप प्यायलो. तिचा उरलेलाही संपवला.

आता नावेचा एक नियम असतो. सुटण्याआधी पिण्याच्या पाण्याचं पिंप काठोकाठ भरायचं. वारा कुठे दगा देईल सांगता येत नाही. गावचा नळ वर चढावर होता. माझे गुडघे दुखत होते. गोदामांच्या मागे मला एक बसकी दगडी टाकी दिसली. वर लोखंडी झाकण. झाकणाशेजारी पाटी.

इथे एक गोष्ट कबूल करतो.

मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकोलाही नाही. पण मला येतं, असं तिला वाटायचं. लग्न ठरवताना माझ्या काकांनी तशी थाप मारली होती. तोवर मी ती तीस वर्षं निभावली होती. वर्तमानपत्र समोर धरायचो, चित्रं बघून अंदाजाने बोलायचो.

"काय लिहिलंय हो?" तिने विचारलं.

मी डोळे बारीक केले.

"पिण्याचं पाणी. झाकण परत लावावं."

झाकण दोघांनी मिळून सरकवलं. पाणी काठापासून वीतभर खाली होतं. नितळ. ती पेला बुडवून तिथेच पोटभर प्यायली.

"गोड आहे हो."

माझं पोट चहाने भरलं होतं. मी प्यायलो नाही. नावेतली बादली टाकीत सोडून, खेपा घालत पिंप भरत राहिलो. तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली होती, पण मी ती सोडून दिली...

बादली पाण्यात पडत होती, आणि आवाज होत नव्हता.

नाव सोडून तासभर आलो असू. वारा पडला. शीड ओल्या कपड्यासारखं लोंबू लागलं. नावेमागे पक्षी असतात नेहमी, घिरट्या घालतात, ओरडतात...

एकही नव्हता.

मग वास आला.

आधी वाटलं, तळाशी मासा कुजलाय. फळ्या उचलून पाहिल्या. काही नाही. वास पिंपातून येत होता. ओलं पोतं, कुजकं मांस आणि माणसाचा शिळा घाम एकत्र केल्यासारखा. मी झाकण काढलं.

पाण्यावर पिवळी साय धरली होती. बोटभर जाड.

सायीत केस होते. लांब, गुंतलेले. मी डाव्या हाताने ते बाजूला केले, तर बोटांना बुळबुळीत काहीतरी चिकटलं. समुद्राच्या पाण्यात धुतलं, निघेना. फळीवर घासलं, तरी निघेना. साय फाटली तिथून तळ दिसला...

तळाशी नखं होती. माणसाची. मुळापासून निघालेली, पसाभर तरी.

मी कडेला वाकून सगळा चहा ओकलो.

मागून आवाज आला.

घुटुक... घुटुक...

बायको पेला तोंडाला लावून पीत होती. ओठावर एक केस लोंबत होता. तो तिने जिभेने आत घेतला.

"अगं, टाक ते."

"गोड आहे हो," ती म्हणाली. अगदी मघाच्याच सुरात.

मी पेला हिसकावून फेकला. पिंप कसंबसं कडेला ओढून समुद्रात उपडं केलं. पाणी गेलं, साय जाईना. वल्ह्याने खरवडून काढली. ती लाटेत फुटली नाही. किनारा येईपर्यंत नावेला लागून तरंगत आली.

घरी पोहोचेपर्यंत ती गप्प होती. तोंड मिटलेलं, गळा हलत नव्हता. तरी आवाज येतच होता.

आणि तो एकाच्या पिण्याचा नव्हता. रांगेने एकामागून एक पीत असावेत, तसा.

डॉक्टर झाले. रक्त, लघवी, सगळं तपासून झालं. "बाईंना काही झालेलं नाही, पाणी पितात हे चांगलंच आहे," म्हणाले. ती हसायची, कामं करायची, मुलींशी फोनवर तासतासभर बोलायची. फक्त रात्री भरलेला माठ सकाळी कोरडा असायचा. तिची उशी ओली असायची. आणि उशीला तो वास.

मी अंथरूण वेगळं केलं. तिच्या हातचा घास घशाखाली उतरेना. बायकोची किळस यावी याची लाज वाटते. पण येते.

पाटीवर काय होतं ते कळलं असतं तर कदाचित उपाय सापडला असता. महिन्याभराने मी एकटा परत गेलो. त्या पिंपाच्या झाकणावर खिळ्याने पाटीचा एकेक आकार जसाच्या तसा कोरून आणला. टाकीला हात लावला नाही.

मग ते झाकण माळ्यावर टाकलं.

कोणाकडून वाचून घेणार? ती गल्लीभर सांगत फिरायची, "ह्यांनी वाचून सांगितलं, म्हणून तर प्यायले." एकाला दाखवलं असतं तरी माझी थाप उघडी पडली असती. त्या थापेपायी मी तिला तसंच राहू दिलं. एकवीस वर्षं.

गेल्या वर्षी नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून चोरून अक्षरं शिकलो. जोडाक्षरांनी घाम काढला. मागच्या आठवड्यात बायको बाहेर गेलेली बघून माळ्यावरून झाकण काढलं. बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेलो.

टाकी कोरडी आहे. झाकण उघडू नये.

पुन्हा वाचलं. तेच.

"आलं का वाचता एकदाचं?"

ती दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"अहो, वर्तमानपत्र उलटं धरायचात तुम्ही. कितीदा तरी."

"मग मी सांगितलं म्हणून का प्यायलीस? मला येत नाही हे ठाऊक असून?"

ती माझ्या हातातल्या झाकणाकडे बघत राहिली.

"मला कुठे तहान होती," ती म्हणाली.

एवढं बोलून तिने तोंड मिटलं...

घुटुक.

तेव्हापासून तिचं पाणी पिणं थांबलं आहे. आठ दिवस झाले, थेंब नाही. माठ भरलेला राहतो, उशी कोरडी असते. मुलींना वाटतं, आई बरी झाली.

आज सकाळी मी हे लिहायला बसलो तेव्हा तिने न मागता एक तांब्या आणून शेजारी ठेवला. गेली आत. पाण्यावर पातळ पिवळी साय धरू लागली आहे. वास इथपर्यंत येतो.

डाव्या हाताने मी दोनदा तो तांब्या उचलला. दोनदा खाली ठेवला.

मला तहान नाही. हे मी लिहून ठेवतो आहे.