भिंतीकडे वळलेली टोके

कोरेगावच्या शिकवणीतील भिंतीवर एक फिकट चौकोन उरला होता. इंग्रजी शब्दांचा कापडी तक्ता नाहीसा झाला होता, आणि उद्या सांगलीच्या प्रदर्शनात त्याच्यावाचून निवृत्त सुभेदार लालासाहेबांची जागा रिकामी राहणार होती.

"इंग्रजीतला 'आउट' म्हंजी एक जवान," सुभेदार ताठ बसून सांगत होते. "टर्नच्या पलटणीत गेला की टर्नआउट, नीटनेटका गणवेश. लुकच्या पलटणीत लुकआउट, पहारा. जवान तोच, पलटण बदलली की काम बदलतं. मागल्या हप्त्यात नवी ओळ रंगवली. पण जैनुद्दीनसाहेब, तुमचे सोबती आले न्हाईत?"

जैनुद्दीनांचा सोबती कृष्णात समोरच बसला होता. त्याला तो टोमणा वाटला.

खाजगी शोधक जैनुद्दीन भिंत न्याहाळत होते. चौकोनाच्या कडेबाहेर काळ्या रंगाचे फटकारे होते. खिडकीत तक्त्याचे खिळे एका ओळीत निजले होते, टोके भिंतीकडे.

"फौजी शिस्त," कृष्णात कुजबुजला. "सुभेदारांनीच लपवला."

शेजारी शिकवणी घेणारे दादासो मास्तर दारातूनच बोलले, "यांची शिकवणी बंद पडावी असं वाटतं, व्हय. पण मी खिळं उपटलं असतं तर तिथंच फेकलं असतं." ते निघून गेले.

सून शालूबाईने चहा आणला. सुभेदारांचा कप तिने नेमका त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला, कान बोटांकडे करून. तिच्या बोटांवर सुईचे ताजे ठिपके होते.

"तक्ता कधी गेला?" जैनुद्दीनांनी विचारले.

"ठावं न्हाई," ती म्हणाली.

जैनुद्दीनांनी दार लोटले.

"नुसती शिस्त असती तर टोके कुठेही वळली असती. ती भिंतीकडे वळवणाऱ्याला चाचपणाऱ्या हाताची काळजी होती. कपाचा कानही त्याच हातासाठी. सुभेदार, समोरचा कृष्णात तुम्हाला दिसला नाही, आणि तुमचा कुंचला कापड सोडून भिंतीवर गेला. शालूबाई, तक्ता आणा."

सुभेदारांची मान ताठरली. शालूबाईने ट्रंकेतून कापड काढले.

"मामंजी, नवी ओळ जुनीवर चढली हुती. सांगलीत लोक हसले असते. तुमास्नी सांगायला जीभ रेटंना."

प्रत्येक अक्षर जाड दोऱ्याने उठवले होते. चढलेला रंग खरवडून नवी ओळ खाली कोऱ्या जागेत शिवली होती. सुभेदारांची बोटे तिच्यावरून सावकाश फिरली.

"लुक... आउट." ते थांबले. "अक्षरं कुणी शिकवली तुला?"

"तुमीच. पोरं तक्ता बघून घोकायची, मी भाकरी थापत बघायची."

मग सुभेदार उठले, सदऱ्याच्या गुंड्या चाचपून सरळ केल्या.

"उद्या सांगलीत तक्ता तूच लावायचा. खाली तुजं नाव. आणि पोरी, मला दिसत न्हाई, हे मीच सांगीन सगळ्यास्नी. म्हंजी कळंल, हे बोटांनी वाचता येतं."